आपल्याच पेशीत दडलेला शत्रू : मारक पेशींच्या शोधाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण आढळले आणि त्यानंतर लस तयार करण्यासाठी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, ही हकीकत परळच्या हाफकिन संस्थेमुळे अनेक मुंबईकरांना ठाऊक असते. मात्र हाफकिन ज्यांच्या हाताखाली ओडेसा येथे शिकले, त्या इल्या मेचनिकॉफ यांचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचे काटे खुपसले, आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. शरीराचे रक्षण पेशी करतात हा विचार तेथून सुरू झाला.

तो लगेच सर्वमान्य झाला नाही. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषांचा शोध लावल्यावर बहुतेकांचे लक्ष प्रतिपिंडांकडे, म्हणजे रक्तद्रवात फिरत जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांकडे, वळले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि प्रतिपिंडांच्या बाजूचे पाउल एर्लिख या दोघांना विभागून मिळाले असले, तरी पुढची काही दशके पारडे रक्तद्रवाकडेच झुकलेले राहिले. प्रतिपिंडे रक्तातल्या जंतूंना गाठतात, पण पेशीच्या आत शिरून वाढणाऱ्या विषाणूपर्यंत ती पोहोचत नाहीत, ही अडचण त्यामुळे अनुत्तरित राहिली. क्षयरोगाच्या तपासणीसाठी हातावर केली जाणारी मँटू चाचणी आपल्या शहरात कित्येक घरांना परिचित आहे. दोन-तीन दिवसांनी उठणारी ती गाठ प्रतिपिंडांमुळे उठत नाही. ही प्रतिक्रिया एका गिनीपिगमधून दुसऱ्यात न्यायची असेल तर रक्तद्रव उपयोगी पडत नाही, पेशीच न्याव्या लागतात, हे मेरिल चेस यांनी १९४५ मध्ये दाखवले.

यानंतरचे मोठे धागेदोरे अवयव प्रत्यारोपणातून मिळाले. पीटर गोरर यांनी १९३६ मध्ये उंदरांत, तर झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये माणसांत, व्यक्तीगणिक वेगळी असणारी पेशींवरची प्रथिने ओळखली. किडनी प्रत्यारोपणाआधी आपल्या रुग्णालयांत केली जाणारी ‘एचएलए’ जुळणी म्हणजे याच प्रथिनांची तपासणी. दुसऱ्याची त्वचा किंवा अवयव नाकारणाऱ्या पेशी कोणत्या, हेही हळूहळू उलगडत गेले. ज्या थायमस ग्रंथीला तोवर निरुपयोगी समजले जाई, तिच्यावाचून उंदराला हे काम जमत नाही, असे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. तरीही मूळ कोडे कायम होते. निसर्गात कोणी कोणाची किडनी बसवत नाही, मग ही प्रथिने शरीराला हवीत कशाला?

उत्तर कॅनबेरात मिळाले, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग माझ्या मते हाच आहे. स्वित्झर्लंडहून आलेले डॉक्टर रोल्फ झिंकरनागेल आणि ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य पीटर डोहर्टी यांनी मेंदूच्या आवरणाला दाह आणणाऱ्या एका विषाणूची लागण उंदरांना केली आणि त्यांच्या टी-पेशी, म्हणजे थायमसमध्ये तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून घेतल्या. दुसरीकडे त्याच विषाणूने बाधित केलेल्या पेशींत त्यांनी किरणोत्सारी क्रोमियम भरले. पेशी मेली की क्रोमियम बाहेरच्या द्रवात सांडते, म्हणजे द्रवातील किरणोत्सार मोजला की किती पेशी मारल्या गेल्या ते कळते. टी-पेशींनी बाधित पेशी मारल्या, पण त्यांची ओळख-प्रथिने आपल्याच वाणाच्या उंदरांची असतील तरच. परक्या वाणाच्या पेशींत तोच विषाणू असूनही त्यांनी त्या सोडून दिल्या. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की टी-पेशी केवळ परके शोधत नाही. स्वतःची खूण आणि तिच्यासोबत असलेले परके, या दोन्ही गोष्टी तिला एकाच ठिकाणी दिसाव्या लागतात. या कामासाठी दोघांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ते परके नेमके काय असते, हे १९८६ मध्ये अ‍ॅलन टाउनसेंड यांच्या इन्फ्लुएन्झावरील कामातून कळले : अख्खा विषाणू नव्हे, तर त्याच्या प्रथिनाचा जेमतेम आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा. पुढच्याच वर्षी पामेला ब्योर्कमन आणि सहकाऱ्यांनी एचएलए प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या माथ्यावर असा तुकडा बसेल एवढी खाच स्पष्ट दिसली. प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे या खाचेत ठेवून सतत बाहेर मांडत असते आणि टी-पेशी शितावरून भाताची परीक्षा करते.

काही विषाणू आणि अर्बुदे (कर्करोगाच्या गाठी) ही मांडणीच बंद पाडतात. त्यांच्यासाठी नैसर्गिक मारक पेशी असतात, ज्यांचा शोध १९७५ मध्ये स्टॉकहोम आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी लागला. स्वतःची खूण जिथे गायब झाली असेल तिथे या पेशी हल्ला करतात, हा क्लास केरे यांचा विचार १९८६ च्या प्रयोगांत खरा ठरला.

मारण्याची रीत टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी या दोघींची बरीचशी सारखीच आहे. मारक पेशी लक्ष्याला घट्ट बिलगते, तिच्यातील कणिका त्या सांध्याकडे सरकतात आणि तेथे रिकाम्या होतात. त्यातील परफोरिन लक्ष्याच्या आवरणाला छिद्रे पाडते, ग्रँझाइम नावाची विकरे (एंझाइम) आत शिरतात आणि पेशीचा आत्मनाश सुरू होतो. शेजारच्या निरोगी पेशींना सहसा धक्का लागत नाही. परफोरिनच्या जनुकातच दोष घेऊन जन्मलेल्या मुलांत प्रतिकारयंत्रणा न थांबता पेटत राहते आणि उपचार न झाल्यास ती दगावतात, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. मारणे जमले नाही तर लढाई संपतच नाही, हे मला या विषयातले सर्वांत विदारक सत्य वाटते.

या ज्ञानाचा कर्करोगावर उपयोग व्हायला वेळ लागला. कर्करोगाच्या पेशी टी-पेशींचे ‘ब्रेक’ दाबून ठेवतात, हे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांच्या कामातून कळले आणि त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले. इस्रायलच्या झेलिग एशार यांनी त्याआधीच वेगळी वाट काढली होती : टी-पेशीला प्रतिपिंडाचा तुकडा जोडायचा, म्हणजे एचएलएच्या खाचेची गरजच उरत नाही. याच वाटेने पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि परदेशाच्या तुलनेत कितीतरी कमी खर्चात तो येथे उपलब्ध झाला.

नावातील १९ हा आकडा सीडी१९ या खुणेचा आहे. ती बी-पेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या, रक्तकर्करोगात आढळते आणि निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे उपचारात त्याही मारल्या जातात. परंतु बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो आणि कमी पडणारी प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. परळला टाटा रुग्णालयात मोठ्या संख्येने येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाबाबत अशी खूण अद्याप सापडलेली नाही, कारण त्या गाठींवरील बहुतेक खुणा, ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा निरोगी ऊतींवरही असतात.