मुक्तस्रोत प्रकल्पांची इंग्रजी आणि सीमाभागातला मराठी विद्यार्थी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतून दहावी झालेला विद्यार्थी अभियांत्रिकीला जातो, तेव्हा घरची मराठी, कचेरीतली कन्नड आणि पुस्तकातली इंग्रजी अशा तीन भाषा त्याच्या पदरी असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून एका भाषेत बोलायचे व दुसरीत अर्ज लिहायचा, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे. तरीही एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पातली, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा संगणकप्रणालीतली, चूक सापडली आणि दुरुस्तीही जमली, तर ती पाठवताना याच विद्यार्थ्याचा हात अडतो, कारण दुरुस्तीसोबत इंग्रजीत स्पष्टीकरण द्यावे लागते आणि त्यावर अनोळखी लोकांचे प्रश्न येतात.

ही इंग्रजी कोणी नियम करून लादलेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतून जीएनयू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, आणि पुढचे परवाने व चर्चा त्याच भाषेत घडत गेल्या. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स यांची मातृभाषा स्वीडिश होती, पण लिनक्स या आपल्या नव्या संगणकप्रणालीची वार्ता त्यांनी इंग्रजीतच दिली, कारण ऐकणारे त्या भाषेत होते. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ होऊ लागले; योगायोगाने त्याच वर्षी बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. तिथला अभ्यासक्रमही इंग्रजीतच असल्याने आमच्या मुलांना कोडची भाषा आणि परकी भाषा एकदमच भेटली.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये जपानमधून रुबी ही संगणकभाषा प्रसिद्ध केली, तेव्हा सुरुवातीची माहितीपत्रे आणि चर्चा जपानीत होत्या. रुबीतले आज्ञांचे ठरावीक शब्द इंग्रजी असले तरी माणसे आपसांत जपानीत वाद घालत, आणि इंग्रजी जग पुढे काही वर्षांनी तिथे आले. चर्चा स्वतःच्या भाषेत झाली म्हणून काम कच्चे राहिले नाही. उलट बाहेरच्यांनाच दुभाष्याची गरज भासली.

इतर ठिकाणी उपाय भाषांतराच्या वाटेने आला. जीएनयूच्या ‘गेटटेक्स्ट’ या साधनाने पडद्यावरचे संदेश कोडपासून वेगळे ठेवण्याची सोय नव्वदच्या दशकातच केली. देवनागरीचा प्रश्न मात्र त्याआधीचा होता: १९९१ च्या युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींच्या सामायिक संकेतनात, ही लिपी आली, तरी पुढे कित्येक वर्षे प्रत्येक फाँटचे संकेतन निराळे असल्याने एका छापखान्याचा मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. यथावकाश मोकळ्या परवान्याचे देवनागरी फाँट आले, गनोम आणि केडीई या लिनक्सवरच्या पडद्यांचे मराठी मेनू तयार झाले, आणि ज्यांनी हे कष्ट घेतले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु हे सारे वापरणाऱ्यासाठी होते. मेनू मराठीत आले आणि चूक कळवण्याची नोंद इंग्रजीतच राहिली.

योगदान देणाऱ्याकडे लक्ष उशिरा वळले. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या नवागतांसाठीच्या मार्गदर्शिकेत इंग्रजी ही अडचण ठरू शकते, हे मान्य केलेले आहे, पण उपाय असा सुचवला आहे की पाठवण्यापूर्वी आपला मजकूर नीट तपासावा. म्हणजे ओझे येणाऱ्याच्याच डोक्यावर. पुढे तिथल्या कागदपत्रांची जपानी, चिनी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरे झाली. २०१४ मध्ये ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ ही आचारसंहिता आली आणि २०१८ मध्ये कर्नलने तिच्यावर आधारलेली संहिता स्वीकारली. तिचा रोख वागणुकीवर असला, तरी भाषेशी तिचा जवळचा संबंध आहे: त्रोटक, खोचक उत्तर इंग्रजी घरात वाढलेला माणूस सोडून देतो, तर निपाणीची मुलगी तेच शब्द पुन्हा पुन्हा वाचून आपलेच काही चुकले असे समजते आणि परत येत नाही.

मराठीत अशी चर्चा चालू शकते, याचा दाखला २००३ पासून मराठी विकिपीडियावर आहे. तिथे बदल सुचवणे, तो परतवला जाणे, त्यावर चर्चापानावर हुज्जत घालणे आणि शेवटी एकमत होणे, हे सगळे मराठीत घडते. आणि पाठवलेली दुरुस्ती इतरांनी तपासण्याच्या, म्हणजे कोडच्या परीक्षणाच्या, कामातही याच पायऱ्या असतात.