रेकॉर्डिंग बॉक्समध्येच का अडकतं?

बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्समधून काढलेली हार्ड डिस्क संगणकाला जोडली, फाइल्सची यादी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. वडिलांची एका वाहिनीवर झालेली पाऊण तासाची मुलाखत त्यात होती. फाइलचा आकार बरोबर, तारीखही बरोबर, पण एकही प्लेअर ती चालवेना. शेवटी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहिली. दर 188 बाइटनंतर हेक्समधला 47 हा आकडा, म्हणजे इंग्रजी ‘जी’ या अक्षराचा संकेत, नेमाने येत होता. फाइल धडधाकट होती. मात्र 188 बाइटच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे पाकिटाच्या, चौथ्या बाइटमधले पहिले दोन बिट सांगत होते, की आतला ऐवज कुलूपबंद आहे. किल्ली त्या मेलेल्या बॉक्सच्या चिपमध्ये राहिली होती. ती मुलाखत मला परत मिळाली नाही.

तेव्हापासून मी रेकॉर्डिंग बॉक्समध्येच का अडकतं, या प्रश्नाचा इतिहास शोधत आलो आहे. ते संगणकावर न्यायला केबल कोणती, सॉफ्टवेअर कोणतं, हे प्रश्न आधी पडतात आणि त्यांची उत्तरंही सापडतात. किल्ली कोणाच्या हातात, हा प्रश्न मात्र पन्नासेक वर्षं चाललेल्या ओढाताणीतून आलेला आहे.

सोनीने 1975 मध्ये बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बाजारात आणला, पुढच्या वर्षी जेव्हीसीचा व्हीएचएस आला. युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी सोनीवर अमेरिकेत खटला भरला आणि 17 जानेवारी 1984 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. घरी रेकॉर्ड करून कार्यक्रम नंतर सवडीने पाहणं हा रास्त वापर ठरला. या निकालातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. न्यायालय बोललं ते नंतर पाहण्याबद्दल. रेकॉर्डिंग कायमचं जपून ठेवायचं, संग्रह करायचा, हा मुद्दा त्याने निकाली काढलाच नाही. पुढे आलेले बॉक्स नेमक्या याच फटीवर घडवले गेले: पाहायला मोकळीक, न्यायला मनाई.

कॅसेटच्या काळात ही फट कोणाला जाणवली नाही, कारण कॅसेट हीच नेण्याजोगी वस्तू होती. कपाटात ठेवा, दुसऱ्याला द्या. शिवाय प्रतीची प्रत काढली की चित्र धुरकट होत जायचं, त्यामुळे नक्कल फार दूर जाणार नाही असा स्टुडिओंना थोडा दिलासा होता. डिजिटल प्रक्षेपणाने तो दिलासा काढून घेतला.

डिजिटल टीव्हीचा पाया असलेलं एमपेग-2 हे मानक 1990च्या दशकाच्या मध्यावर पक्कं झालं. त्यात चित्र, आवाज आणि कार्यक्रमांची माहिती 188 बाइटच्या छोट्या पाकिटांत भरून एकामागोमाग पाठवतात. 188च का? तेव्हाच्या एटीएम या दूरसंचार जाळ्याच्या एका प्रकारात प्रत्येक तुकड्यात 47 बाइट माहिती मावत असे, आणि 47 चोक 188. ते जाळं मागे पडलं, आकडा मात्र आजही प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये जिवंत आहे. उपग्रहावरून किंवा केबलवरून आलेली ही पाकिटं बॉक्स जशीच्या तशी डिस्कवर लिहू शकतो. चित्र पुन्हा दाबायची, म्हणजे कॉम्प्रेस करायची, गरज नाही, दर्जा तसूभर कमी होत नाही. रेकॉर्डिंग म्हणजे मूळ प्रक्षेपणच. प्रेक्षकाला हीच गोष्ट मोलाची वाटली आणि हक्कधारकांना हीच धास्तीची.

हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे टीव्हो आणि रिप्ले टीव्ही हे दोन बॉक्स 1999 मध्ये आले. टीव्होचं सुरुवातीचं छोटं मॉडेल 14 तासांचं होतं. आत लिनक्स ही सर्वांना खुली असलेली संगणक प्रणाली चालत असे, म्हणून जाणकारांनी लगेच डिस्क बाहेर काढून संगणकाला लावायला सुरुवात केली. फाइल सिस्टीम कंपनीची स्वतःची, त्यातून बाइटांचा क्रमही उलटा, तरी लोकांनी वाट काढलीच. कंपनीने स्वतःहून संगणकावर रेकॉर्डिंग नेण्याची सोय दिली ती 2005 मध्ये, टीव्होटूगो या नावाने. फाइल घरच्या नेटवर्कवरून संगणकावर यायची, पण कुलूप लावूनच. ग्राहकाच्या खात्याची किल्ली दिली की उघडायची. तडजोड म्हणून मला ती आजही प्रामाणिक वाटते, कारण निदान किल्ली पैसे मोजणाऱ्याच्या हातात होती.

युरोपात चित्र वेगळं होतं. तिथे उपग्रहावर मोफत वाहिन्या भरपूर, त्यामुळे कुलूप नसलेलं प्रक्षेपण सहज मिळायचं. जर्मनीत क्लाउस श्मिडिंगर यांनी 2000 साली व्हीडीआर हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि टीव्ही कार्ड बसवलेला साधा संगणकच रेकॉर्डर बनला. पाठोपाठ ड्रीमबॉक्ससारखे लिनक्सवर चालणारे बॉक्स आले. नेटवर्कची केबल जोडायची, एफटीपी या फाइल पाठवायच्या पद्धतीने बॉक्समध्ये शिरायचं, फाइल ओढून घ्यायची, इतकं ते सरळ होतं.

अर्थात सरळ म्हणजे बिनत्रासाचं नव्हे. साध्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग सेकंदाला 4 मेगाबिटच्या वेगाने धरलं तरी 1.8 जीबी भरतं. जुन्या यूएसबी 1.1 केबलवरून प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम 1 एमबी जायचं, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाला अर्धा तास नुसती वाट बघायची. यूएसबी 2.0 आल्यावर ते दुखणं गेलं, तर फॅट32 ही डिस्कवर फाइल्स मांडायची जुनी पद्धत आडवी आली. तिच्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, म्हणून बॉक्स लांब कार्यक्रमाचे तुकडे करून ठेवतो. हे तुकडे कार्यक्रमाच्या मध्येच कुठेही पडतात आणि नीट क्रमाने सांधले नाहीत तर जोडावर चित्र अडखळतं. लिनक्सच्या पद्धतीने आखलेली डिस्क विंडोजला ओळखता येत नाही, हा तिसरा अडसर. विंडोज अशा वेळी डिस्क फॉरमॅट करायची का म्हणून विचारतं. तिथे घाईत ‘हो’ म्हटलं की वर्षांचा संग्रह पाण्यात.

आवाज आणि चित्र मागेपुढे होण्याची तक्रार सगळ्यात जुनी, तिचं एक कारण मात्र सहज लक्षात येत नाही. प्रत्येक चित्रचौकटीवर वेळेचा शिक्का असतो. तो 33 बिटांचा, सेकंदाला 90,000 ठोक्यांनी पुढे सरकणारा. असा मोजणीचा आकडा सुमारे साडेसव्वीस तासांनी भरतो आणि शून्यावर येतो. वाहिनीचा तो क्षण नेमका तुमच्या रेकॉर्डिंगच्या मध्ये आला, तर अडाणी सॉफ्टवेअरला वाटतं की वेळ मागे गेली, आणि तिथून पुढे ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. पावसाळी सिग्नलमध्ये हरवलेल्या पाकिटांनीही हेच होतं. प्रोजेक्टएक्स नावाचं मोफत साधन अशा जखमा शोधून आवाज पुन्हा जुळवून द्यायचं. ते ज्यांनी लिहिलं त्यांचे उपकार अनेक घरांवर आहेत. आज बहुतेक काम एफएफएमपेग हे मोफत साधन करतं. चित्र पुन्हा न दाबता फक्त वेष्टन, म्हणजे फाइलचा प्रकार, बदलून घ्यायचं, हा मार्ग मी आधी धरतो, कारण दर्जा जसाच्या तसा राहतो.

दरम्यान अमेरिकेत ओढाताण नियमांपर्यंत गेली होती. तिथल्या दूरसंचार आयोगाने केबल कंपन्यांना सांगितलं, की 1 एप्रिल 2004 पासून ग्राहकाने मागितला तर चालू स्थितीतलं फायरवायर जोडणीचं (संगणकालाही जोडता येणाऱ्या वेगवान तारेचं) टोक असलेला एचडी बॉक्स द्यावा लागेल. तार मिळाली. पण त्याच तारेवरून प्रत्येक कार्यक्रमाबरोबर खूणही येत होती: नक्कल मोकळी, नक्कल एकदाच, किंवा नक्कल नाही. मोकळी खूण असेल तेच संगणक नोंदवू शके. याच आयोगाने मोफत प्रक्षेपणावरही ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’ ही नक्कल रोखणारी खूण लावायचं ठरवलं होतं. 6 मे 2005 रोजी न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण सिग्नल पोहोचल्यानंतर घरातल्या यंत्राने काय करावं हे ठरवायचा अधिकार आयोगाला नव्हता.

जपानी प्रेक्षकांनी मात्र सगळ्यात जाचक नियम सोसला. तिथे 2004 पासून डिजिटल प्रक्षेपणावर ‘एकदाच नक्कल’ अशी खूण आली. डिस्कवरचं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर नेलं की मूळ आपोआप पुसलं जायचं. डीव्हीडी लिहिताना बिघडली, तर दोन्हीकडून हात रिकामे. लोकांच्या संतापानंतर 4 जुलै 2008 पासून 9 नकला आणि दहाव्या वेळी स्थलांतर, असा ‘डबिंग 10’ नियम लागू झाला.

ब्रिटनमध्ये एचडी वाहिन्या आल्या तेव्हा चित्राला कुलूप लावणं शक्य नव्हतं, कारण ते लोकांच्या परवाना शुल्कावर चालणारं प्रक्षेपण होतं. मग बीबीसीने कार्यक्रम-माहितीचे तक्ते दाबून पाठवायची परवानगी मागितली आणि 2010 मध्ये नियामक संस्था ऑफकॉमने ती दिली. तक्ते उलगडायची गुरुकिल्ली ज्या उत्पादकांना हवी, त्यांनी नक्कल-बंधनं पाळायची. म्हणजे प्रक्षेपण खुलं, पण बॉक्समध्ये उतरल्यावर बंद. मला हे मान्य नाही. ज्या कार्यक्रमाचे पैसे लोकांनी आधीच भरलेत, त्याची प्रत घरच्या संगणकावर जाऊ नये यासाठी तांत्रिक आडवाट काढणं हा प्रेक्षकावर अविश्वास आहे.

एक वाट सगळ्यांत शेवटपर्यंत उघडी राहिली. टीव्हीला चित्र दाखवायचं तर कुलूप कुठेतरी उघडावंच लागतं. एचडीएमआयवर ते टीव्हीपर्यंत एचडीसीपी या कुलपाच्या संरक्षणात जातं, पण जुन्या अ‍ॅनालॉग टोकांवर ते उघडंच बाहेर पडायचं. 2008 मध्ये हॉपॉज या कंपनीने एचडी पीव्हीआर हे उपकरण आणलं, ते लाल-हिरव्या-निळ्या टोकांवरून येणारा हाच कंपोनंट सिग्नल पकडून संगणकात उतरवायचं. दर्जा थोडा जातो, पण कुठल्याही किल्लीची गरज पडत नाही. नव्या बॉक्सवरून ही टोकं हळूहळू नाहीशी झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने केबलव्हिजन या केबल कंपनीला ग्राहकांची रेकॉर्डिंग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची मुभा दिली. आता अशा सेवांमध्ये घरात डिस्कच नसते. रेकॉर्डिंग किती दिवस राहणार हे कंपनी ठरवते, आणि वर्गणी थांबली की तेही हातचं जातं.

माझ्याकडे दुसरा एक जुना बॉक्स अजून सुरू आहे, मागे लाल-हिरवी-निळी टोकं असलेला. त्यातली रेकॉर्डिंग मी रोज रात्री एकेक करून उतरवतो आहे. तासाच्या कार्यक्रमाला पूर्ण तास लागतो. अजून 11 बाकी आहेत, आणि डिस्क सुरू होताना हल्ली बारीक खरखर ऐकू येते.