आधारपट्टीतील रेषादिशा

गिटार, व्हायोलिन यांसारख्या तंतुवाद्यांच्या तबलीला (पुढच्या पातळ लाकडी फळीला) आतून चिकटवलेल्या पट्ट्यांमधील तंतूंची व वार्षिक वलयांची मांडणी. पट्ट्या बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाच्या असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याची (भौगोलिक मानांकन २०२४) तबली कोरून बाकदार केलेली असल्याने तिला अशा पट्ट्या सामान्यतः लागत नाहीत.

या विषयात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते : तंतू पट्टीच्या लांबीला समांतर आहेत का, आणि आडव्या छेदातील वलये तबलीवर उभी आहेत का. स्प्रूसचा ताठरपणा तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा साधारण १० ते २० पट असतो. म्हणून तंतू १०° कलले तरी तो लक्षणीय घटतो व पट्टी तिरपी चिरू शकते. यासाठी लाकूड करवतीने न कापता फाडून घेण्याची जुनी रीत आहे. फाट तंतूंच्या मागे जाते, करवत आखलेल्या रेघेने जाते. पट्टीवर रंधा फिरवला तरी हे समजते : तंतू कललेले असतील तर एका दिशेने सालपट सुळकन निघते, उलट दिशेने रेषा उपटते. वलये उभीच हवीत हा आग्रहही जुना आहे. मात्र लांबीच्या दिशेचा ताठरपणा त्याने फारसा बदलत नाही. लाभ होतो तो पट्टी व तबली यांच्या सांध्याला, कारण अरीय दिशेने (वलयांना छेदून) लाकूड स्पर्शीय दिशेपेक्षा (वलयांना लागून) बरेच कमी आकसते. पट्टीची उंची दुप्पट केल्यास ताठरपणा ८ पट होतो, म्हणजे वलयांमुळे पडणारा किरकोळ फरक उंचीने सहज भरून निघतो; हे पाहता तंतूंच्या सरळपणाला अग्रक्रम देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

पट्ट्यांच्या पंखाकार मांडणीचे श्रेय स्पॅनिश गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–९२) यांना देण्याचा प्रघात आहे; परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सेव्हिल व कादिस येथील गिटारींतही ती आढळते. तोरेस यांनी ती प्रमाणबद्ध केली, असे म्हणणे योग्य. फुलीच्या मांडणीचा संबंध अमेरिकेत स्थायिक झालेले जर्मन गिटार-कारागीर सी. एफ. मार्टिन यांच्या १८४३ च्या सुमाराच्या गिटारीशी जोडतात. न्यूयॉर्कमधील इतर जर्मन कारागीरही त्याच काळात ती वापरत असावेत.

पुण्यात एप्रिल-मेची कोरडी दुपार आणि पावसाळी दमटपणा यांतील तफावत मोठी असते. तबली रुंदीत फुगते-आकसते, पण तिच्यावरील आडवी पट्टी लांबीत जवळजवळ बदलत नाही. परिणामी पावसाळ्यात तबली वर उचलली जाऊन तारा उंच होतात, उन्हाळ्यात ती बसते. दमट हवेत पट्ट्या चिकटवलेली तबली उन्हाळ्यात रेषेवर तडकण्याचा संभव अधिक, म्हणून हे काम हवा कोरडी झाल्यावर करणे श्रेयस्कर.