कॅप्सूल फोडून व्रण जात नाही

ब्रेस्ट लिफ्ट (ओघळलेले स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन) झालेल्या बाईला कोल्हापुरात हमखास मिळणारा सल्ला: "व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लाव, व्रण राहतच नाही बघ." राहतो. कातडी कापली की व्रण कायमचा. तो फक्त फिकट होतो. मायामीत 1999 साली 15 रुग्णांवर हेच तेल तपासलं. बहुतेकांना फरक पडला नाही किंवा व्रण उलट बिघडला, आणि सुमारे एक-तृतीयांश जणांना त्वचेची अॅलर्जी आली.

उपयोग होतो तो सिलिकॉनच्या पट्टीचा. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, दिवसाचे निदान 12 तास, दोन-तीन महिने लावायची. कंटाळवाणं आहे, मान्य. स्तनाग्राभोवतीची आणि खाली उतरणारी रेघ पहिले काही महिने लालच दिसते. तेव्हाच बायका घाबरून कॅप्सूलकडे वळतात. खरं रूप कळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. व्रण जाड होऊन मूळ रेघेबाहेर पसरू लागला तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नका, तो केलॉइड असू शकतो.

आणि मिश्री! सिगारेट ओढत नाही म्हणणाऱ्या कितीजणी ती दातांना लावतात. तिच्यातल्या तंबाखूच्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम रखडते. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे न लाजता सांगा.