मांडवीकाठची मंडळी, कोण कधीपासून

पणजीत मिरामार ते रायबंदर असं मांडवी नदीच्या कडेने चालणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे कांपालला सावली आहे, बसायला बाकडी आहेत, पण पक्षी बघायचे तर गाड्यांचा धूर खात रायबंदरच्या रस्त्यालाच जावं लागतं. आता हे असं का, तर त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

पणजी म्हणजे मुळात दलदल आणि खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन). काठावर आदिलशहाचा वाडा होता, तो 1510 मध्ये पोर्तुगीजांच्या हातात गेला, पण शहर म्हणावं असं इथे काहीच नव्हतं, राजधानी वरच्या अंगाला जुन्या गोव्यात. तिकडे जायला 1633-34 च्या सुमारास व्हाइसरॉय कोंदे दे लिन्हारेसने चिखलातून तीनेक किलोमीटरचा दगडी बांध घातला, तोच आजचा पणजी-रायबंदर रस्ता. पुढे रोगराईने जुनं गोवं ओस पडत गेलं, व्हाइसरॉयच 1759 मध्ये पणजीला राहायला आला, मग 1830 च्या आसपास व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रूने भराव टाकून रस्ते काढले, कांपाल आखलं, आणि 1843 ला पणजी अधिकृत राजधानी झाली.

म्हणजे बघा, कांपालला भराव पडला तिथला चिखल गेला, आणि रायबंदरला नुसता बांध घातला म्हणून एका बाजूला नदी नि दुसऱ्या बाजूला तिवरं, मिठागरं (बरीचशी आता पडीक) तशीच राहिली. ओहोटीला तिथे पाच मिनिटं गप उभं राहिलं की कळतं. आधी नुसता चिखल दिसतो, मग हळूच बिळांतून खेकडे बाहेर येतात, नराचा एकच पंजा भलामोठा आणि तो सारखा वर-खाली करत असतो, शेजारी निवट्या, मासा असून चिखलावर उड्या मारणारा, आणि हे सगळं खायला टपलेले बगळे नि खंड्या. पाणकावळा खांबावर पंख पसरून वाळत बसलेला असतोच. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य, 1988 चं, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, पण नशीब असलं तर पाणमांजरंही दिसतात.

माणसं मात्र काठाच्या धंद्याप्रमाणे बदलत गेली. मुंबईची आगबोट धक्क्याला लागायची तेव्हा हमाल आणि चाकरमानी, मग खनिजाच्या बार्जवरचे तांडेल नि खलाशी. पावसाळ्यात आग्वादला नदीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचतो म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत काढायचे, आणि त्या कालव्यात मगरी आहेत, अजून आहेत. आपल्याकडे मगरीची नुसती भीती नाही हं, फोंड्याकडच्या खाजनातले शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून, वर शिंपल्यांचे खवले लावून तिची पूजा करतात, बांधाची राखण कर म्हणून. मला तर मांडवीकाठचा सगळ्यात शहाणा रिवाज हाच वाटतो, कारण बांध फुटला की खारं पाणी शेतात, मग सगळंच गेलं.

1970 ला मांडवीवर पूल झाला आणि फेरीबोटी मागे पडल्या, 1986 च्या जुलैत तोच पूल पडला आणि सगळा गाव परत फेरीवर, नवा पूल 1992 चा. 2012 ला खाणी बंद पडल्या तसे बार्जही कमी झाले. कॅसिनोची पहिली बोट 2001 ची, आता संध्याकाळी जेटीवर जी गर्दी दिसते ती कॅसिनोला जाणाऱ्यांचीच, आणि त्यातले फार थोडे पाण्याकडे बघतात. गळ टाकून बसणारे तेवढे पूर्वीपासून आहेत, आगबोट बघितलेले आणि कॅसिनोही बघणारे, आणि त्यांच्या पाठीमागे दोन पावलांवर, टाकलेल्या मासळीची वाट बघत उभा असलेला बगळा.