परक्या देशातल्या टपाल कचेऱ्यांची तिकिटं: घेताना काय पाहाल, घरी कशी ठेवाल

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया यांच्या टपाल कचेऱ्या तुर्की साम्राज्यात चालत. तुर्कस्तानने त्या १९१४ मध्ये बंद पाडल्या, महायुद्धानंतर काही पुन्हा थोडी वर्षं चालल्या. चीनमधल्या परक्या कचेऱ्या १९२२ च्या अखेरीस उठल्या. नव्या संग्राहकाने सुरुवात मात्र भारतीय टपालाच्या बाहेरच्या कचेऱ्यांपासून करावी, असं आम्ही ठाण्याचे तिकीटविक्रेते सांगतो. एडन, मस्कत, झांझिबार, बसरा इथे आपलीच तिकिटं चालत. एरवी डब्यात पडून राहणारं व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं तिकीट मस्कतच्या शिक्क्याने मोलाचं होतं. म्हणून शिक्का नीट वाचता येतो का, हे आधी बघा. १८५४ च्या भारतीय तिकिटावरच्या शिक्क्यात १२४ हा आकडा दिसला तर ते एडनचं. पाकिटावरचं तिकीट कधीच कापून काढू नका; तारीख, मार्ग, पोचल्याचा शिक्का, सगळा पुरावा पाकिटावरच असतो.

ओव्हरप्रिंटच्या, म्हणजे छापून झाल्यावर वरून पुन्हा मजकूर किंवा किंमत छापलेल्या तिकिटांत फसवणूक जास्त. कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) लोक घसरत्या तुर्की चलनात ब्रिटिश तिकिटं स्वस्तात घेऊन लंडनमध्ये विकत. त्याला आळा घालायला १८८५ मध्ये त्यांवर पारा आणि पियास्तर या तुर्की नाण्यांत किंमत छापली गेली. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात तिकीट धरा. शिक्क्याची शाई ओव्हरप्रिंटच्या वर हवी. ओव्हरप्रिंट शिक्क्यावर चढलेला दिसला, किंवा शिक्क्याची तारीख ओव्हरप्रिंट निघण्याआधीची असली, तर तिकीट परत करा. जर्मनीच्या १८९८ च्या चीनमधल्या तिकिटांवरचा तिरका ओव्हरप्रिंट दोन कोनांत मिळतो, ४५ आणि ५६ अंश. ४५ चा दुर्मीळ, म्हणून पारदर्शक कोनमापक लावल्याशिवाय जास्त पैसे मोजू नका.

आता पाण्याचं. तिकीट भिजवून सोडवायची सवय इथे महागात पडते. १८८५ च्या त्या संचात अडीच पेनीच्या जांभळट तिकिटावर ४० पारा आणि पाच पेनीच्या हिरव्यावर ८० पारा छापलेले आहेत. या दोन्हींचा रंग मुद्दाम कच्चा ठेवला होता, शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून. पाणी लागलं की हिरवा पिवळट पडतो, जांभळा फिका होतो, आणि पूर्वीचा रंग परत येत नाही. मागे कागद चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या.

ठाण्यात खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. डिंक ओल धरतो, तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तांबूस डाग उठतात. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. तो उभा ठेवा, दाबून भरू नका. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवा. पीव्हीसीचे स्वस्त कप्पे टाळा, त्यातलं द्रव्य तिकिटाचा रंग खातं. कोरड्या दिवशी पानं उघडून वारा द्या, उन्हात नाही.

तपासणीसाठी तिकीट स्वतःच आणून द्या, चिमट्याने धरून, कप्प्यासकट. मोबाइलवरच्या फोटोवरून आम्ही ओव्हरप्रिंटबद्दल मत देत नाही, कारण कोणती शाई वर आहे ते फोटोत कळत नाही. महाग तिकिटासाठी तज्ज्ञ समितीचा दाखला मागा. तो आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आमच्याकडून घेतलंत तरीही.