पंखा ओरडतो, कारण वाट तुंबलेली असते

जुन्या लॅपटॉपवर ब्राउझरची चार पाने उघडताच पंखा घोंगावू लागला, की दोष बहुतेक वेळा पंख्यालाच दिला जातो. प्रत्यक्षात पंखा बहुधा ठणठणीत असतो. प्रोसेसरपासून बाहेरच्या हवेपर्यंतची उष्णतेची वाट तुंबल्यामुळे त्याला अधिक वेगाने फिरावे लागते.

ही वाट चिपवरच्या थर्मल पेस्टच्या पातळ थरापासून सुरू होते, तिथून तांब्याच्या पट्टीत व चपट्या हीट पाइपमध्ये जाते आणि शेवटी पातळ पत्र्यांच्या जाळीपाशी पोहोचते, जिच्यातून पंखा हवा ढकलतो. हीट पाइप भरीव नसते. तिच्यातली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने माघारी येते. या नळीत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. बिघाड होतो तो वाटेच्या दोन टोकांना.

माझा सात वर्षे वापरलेला लॅपटॉप उघडला तेव्हा पात्यांवरची धूळ किरकोळच होती. पंखा उचलल्यावर मात्र जाळीच्या तोंडाशी करड्या तंतूंचा नमदा दिसला, आणि चिमट्याने ओढताच तो सलग पट्टीसारखा निघाला. तो आतल्या बाजूने साचत असल्याने बाहेरून दिसत नाही, आणि बाहेरून हवेचा झोत मारला तर सुटून पुन्हा पंख्यातच जाऊन पडतो. झोत मारायचाच असेल तर पाती काडीने अडवावीत, कारण मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला इजा होऊ शकते.

दुसरे टोक पेस्टचे. चिप आणि तांबे डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्सा आहे. पेस्ट ही हवा हुसकावते, पण वर्षानुवर्षे तापण्या-निवण्यात ती कडेला सरकते आणि सुकते. ती बदलताना आधी बॅटरीची जोडणी काढावी, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी बेताची लावावी. तिचे काम फटी बुजवण्याचे आहे, लिंपण घालण्याचे नव्हे.

एवढ्याने आवाजात जो फरक पडतो तो अनपेक्षित मोठा असतो. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात घटते, आवाज मात्र त्याहून कितीतरी झपाट्याने उतरतो: वेग निम्मा झाला तर ढोबळमानाने १५ डेसिबल कमी. मिनिटाला ४००० फेऱ्यांवरून ३००० वर आले तरी सुमारे ६ डेसिबल वाचतात.

मुळात उष्णताच कमी निर्माण व्हावी, हाही मार्ग आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळी वेगाच्या (क्लॉक स्पीडच्या) प्रमाणात खर्च होते, म्हणून टर्बोचे, म्हणजे काम वाढताच चिप नेहमीच्या वेगाच्या वर घेते त्या उडीचे, शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये कमाल प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के ठेवल्यास अनेक लॅपटॉपांत टर्बो बंद होतो. लेखन-वाचनात त्याची उणीव सहसा भासत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तर हा उपाय विशेष उपयोगी, कारण ९५ अंशांवरच्या चिपला २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांचा उतार मिळतो, तर ४५ अंशांच्या खोलीत फक्त ५० अंशांचा.

हे सारे करूनही खरखर राहिली आणि लॅपटॉप कलता करताच तिचा सूर बदलला, तर मात्र बेअरिंग झिजले आहे असे समजावे. तेलाचा थेंब काही काळ साथ देईल, पण पंखा बदललेलाच बरा. नवा मागवताना जुन्याच्या चिकटपट्टीवर छापलेला क्रमांक पाहावा, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन पंख्यांच्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो.